विश्वास खरा आहे हे ओळखायचं कशावरून? (याकोब, पौल आणि माझी एक प्रार्थना)

वाटसरू

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज लिहून टाकतो. लांबेल, सांभाळून घ्या.

मी चर्चच्या उपासनेत शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन करतो. तीन वर्षांपूर्वी माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मित्राची नोकरी गेली. घरी आजारी आई आणि दोन शाळकरी मुलं. त्याने माझ्याकडे पैसे मागितले नाहीत. "आईला तपासायला न्यायचं असतं, एकट्याला उचलणं जमत नाही, काही दिवस सोबत मिळाली तर बरं होईल," एवढंच म्हणाला. मी त्याचा हात हातात घेतला आणि उभ्या उभ्या प्रार्थना केली. अगदी मनापासून केली, डोळ्यांत पाणी होतं. "देव मार्ग काढील" म्हणालो आणि घरी आलो. नंतर त्याला फोनसुद्धा केला नाही. टाळायचं असं ठरवलं नव्हतं, दिवस नुसते सरत गेले.

महिन्याभराने एका रविवारी वाचन माझ्याकडे होतं: बायबलच्या नव्या करारातलं याकोबाचं पत्र, दुसरा अध्याय. एखादा भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला मोताद आहे, आणि तुमच्यापैकी कोणी म्हणतो, सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा. पण लागणारी वस्तू मात्र देत नाही, तर त्याचा उपयोग काय? पंधरावं आणि सोळावं वचन. माझा आवाज अडखळला. लोकांना वाटलं घसा बसला असेल. पुढची वचनं कशीबशी संपवून जागेवर येऊन बसलो.

तेव्हापासून पौल (नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा प्रेषित) आणि याकोब आलटून पालटून वाचतोय. पौल रोमकरांस पत्रात (३:२८) म्हणतो की मनुष्य नियमशास्त्राच्या (मोशेच्या धर्मनियमांच्या) कृत्यांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, म्हणजे देव त्याला निर्दोष मानून स्वीकारतो. याकोब (२:२४) म्हणतो की मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कृत्यांनी नीतिमान ठरतो. दोघेही साक्षीला यहुदी लोकांचा मूळपुरुष अब्राहाम यालाच बोलावतात आणि वचनही एकच सांगतात, बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं, उत्पत्ती १५:६: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या लेखी नीतिमत्त्व असा गणला गेला.

या विषयावर पाचशे वर्षं वाद झालेत हे मला ठाऊक आहे. मला वाद जिंकायचा नाही. माझा प्रश्न लहान आहे: त्या दिवशी मित्राचा हात धरून मी प्रार्थना केली, तेव्हा माझ्याकडे विश्वास होता की नव्हता?

---

जुनेपुराणे

वाटसरू, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला हात घालायची माझी तयारी नाही. त्याच्या आधीच्या गुंत्याबद्दल मात्र थोडं लिहू शकतो. नव्या कराराची ग्रीक शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

दोघे एकच वचन सांगतात, पण अब्राहामाच्या आयुष्यात दोघे वेगवेगळ्या ठिकाणी उभे आहेत. पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात विचारतो की हे नीतिमत्त्व अब्राहामाच्या लेखी कधी जमा झालं, सुंता झाल्यावर की त्याआधी? उत्तर आहे, आधी. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात तो विश्वास ठेवतो. सोळाव्यात त्याचा मुलगा इश्माएल जन्मतो तेव्हा तो ८६ वर्षांचा आहे. सतराव्यात सुंता होते तेव्हा ९९ वर्षांचा. म्हणजे देवाने त्याला जवळ केलं तेव्हा त्याच्या अंगावर कराराची खूण नव्हती आणि हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं. पौलाला हाच क्षण हवा आहे.

याकोब येतो थेट बाविसाव्या अध्यायावर, मोरियाच्या डोंगरावर, जिथे देवाच्या सांगण्यावरून अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला निघतो. इसहाक अब्राहामाच्या शंभराव्या वर्षी झालेला, आणि इथे तो होमाची लाकडं पाठीवर वाहून नेण्याइतका मोठा आहे. मध्ये किती काळ गेला याचा हिशेब तुम्हीच करा. याकोब म्हणतो की त्या डोंगरावर जुनं वचन *पूर्ण झालं*. ते रद्द झालं असं तो म्हणत नाही, अपुरं होतं असंही म्हणत नाही. ताऱ्यांकडे पाहत ठेवलेला विश्वास त्या दिवशी कळसाला गेला.

दुसरी गोष्ट 'कृत्यं' या शब्दाची. रोमकरांस आणि गलतीकरांस पत्रांत पौल अनेकदा 'नियमशास्त्राची कृत्यं' असं म्हणतो. वाद पेटला होता तो सुंता, खाण्याचे नियम, पाळायचे दिवस यांवरून. परराष्ट्रीय माणसाने आधी यहुदी व्हायचं आणि मग ख्रिस्ताकडे यायचं, असा आग्रह चालला होता. मृत समुद्राजवळच्या प्राचीन यहुदी गुंडाळ्यांत एका लेखात जवळपास हाच शब्दप्रयोग हिब्रूत सापडला. तो लेख १९९४ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाला आणि त्यातही चर्चा आहे ती शुद्धाशुद्धतेच्या आणि मंदिराच्या नियमांची. पौलाचा आक्षेप फक्त अशा नियमांपुरताच होता की माणसाच्या सगळ्याच कर्तबगारीला होता, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. मला दुसरं जास्त पटतं, कारण चौथ्या अध्यायात तो मजुरी आणि देणगी यांची तुलना करतो, आणि तिथे सुंतेचा विषय अजून यायचाच असतो. पण याकोबाची कृत्यं कोणती ते तरी बघा! उघड्याला वस्त्र, भुकेल्याला अन्न, आणि राहाब या परक्या बाईने इस्राएलच्या हेरांना दिलेला आसरा. ही कृत्यं नकोत असं पौल कुठेही म्हणत नाही. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्याच अध्यायात तो सांगतो की यरुशलेमेतल्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला एकच गोष्ट आठवणीत ठेवायला सांगितली, ती म्हणजे गरिबांची, आणि तेच करायला मी उत्सुक होतो. त्या वडीलधाऱ्यांत याकोबही होता.

तिसरी गोष्ट 'विश्वास' या शब्दाची. याकोब सुरुवात कशी करतो पाहा: "माझ्याकडे विश्वास आहे असं कोणी *म्हणत असेल*..." आणि पुढे भुतांचा दाखला देतो. देव एकच आहे हे तीही मानतात आणि थरथर कापतात. म्हणजे तो ज्याला झोडपतो तो विश्वास नुसत्या मान्यतेचा आहे. पौलाच्या लेखणीतून तोच शब्द येतो तेव्हा त्यात स्वतःला कोणाच्या तरी हाती सोपवणं असतं.

---

रूथ_क

जुनेपुराणे, हे सगळं पटलं, आणि एवढं नीट पटलं की थोडी काळजी वाटली. दोघांचं भांडण मिटवून आपण वही बंद केली तर वाटसरूंचा आवाज ज्या वचनाशी अडखळला ते वचन पुन्हा कपाटात जाईल.

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. आपण "कृत्यांवरून विश्वास ओळखा" म्हणतो तेव्हा कृत्यं फार सरळ असतात असं धरून चालतो. तशी ती नसतात. लूकच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, आठवा. आठवड्यातून दोन उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश. हे खोटं होतं असं येशू कुठेही म्हणत नाही. तो माणूस खरोखरच उपास करत होता आणि देतही होता. त्याच्यापासून दूर उभा असलेला जकातदार वर बघायलाही धजत नाही, छाती बडवून "मज पाप्यावर दया कर" म्हणतो. त्याच्याकडे दाखवायला एकही सत्कृत्य नाही. आणि येशू म्हणतो की *हा* नीतिमान ठरून घरी गेला. पौलाचा शब्द म्हणून आपण ज्यावर भांडतो तो इथे येशूच्या तोंडी आहे.

मी कितीतरी वर्षं परूशाच्या जागी उभी होते. आजाऱ्यांना भेटी, मंडळीच्या स्वयंपाकात मदत, कोणाकडे मयत झाली की सगळ्यात आधी मी हजर. सगळं खरं होतं, आणि रात्री उशीवर डोकं टेकताना मी दिवसभराची यादी मोजायचे. एका वर्षी माझं नाव आभाराच्या यादीत राहिलं तर आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. तेव्हा समजलं की मी कोणासाठी काय करत होते.

म्हणून वाटसरू, एक सांगते. तुमचं काम राहिलं, हे तुम्हाला तीन वर्षं टोचतंय. माझी कामं झाली होती आणि मला काहीच टोचत नव्हतं. दोघांत विश्वास जिवंत कोणाचा, हे मला बाहेरून सांगता येणार नाही. तुमची प्रार्थना खोटी होती असं मला वाटत नाही. ती अर्ध्या वाटेवर थांबली, आणि पुढची वाट तुमच्या पायांनी चालायची होती.

---

सायमन_द

मी कॅथलिक आहे, म्हणून आमच्याबद्दलचा एक गैरसमज आधीच दूर करतो. "कॅथलिक लोक सत्कृत्यांनी तारण कमावतात" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, कधी प्रेमाने तर कधी टोमण्याने. आमच्या चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी या विषयावर जो निर्णय दिला, त्यातला पहिलाच नियम वाचा. ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, माणूस स्वतःच्या कृत्यांनी देवासमोर नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल, तो बहिष्कृत. पहिलाच नियम! आठव्या प्रकरणात तर असं आहे की नीतिमान ठरण्याआधीचं काहीही, मग ते कृत्य असो की विश्वास, ती कृपा कमावू शकत नाही. 'केवळ विश्वास' या शब्दांना परिषदेने नवव्या नियमात विरोध केला, तोही खरा. सहकार्य लागत नाही, इच्छेची तयारी लागत नाही असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये म्हणून.

आता प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरबद्दल. आमच्याकडे त्याच्याविषयीही गैरसमज कमी नाहीत. १५२२ च्या जर्मन भाषांतरात त्याने रोमकरांस ३:२८ मध्ये 'केवळ' हा शब्द घातला, आणि याकोबाच्या पत्राला गवताची उपमा दिली, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. ते वाक्य नंतरच्या बायबल आवृत्त्यांतून वगळलं गेलं, हे मात्र कोणी सांगत नाही. १५१७ च्या ९५ प्रबंधांत त्रेचाळिसावा काय म्हणतो? जो गरिबाला देतो किंवा अडलेल्याला उसनं देतो, तो क्षमापत्रं (पापाच्या शिक्षेत सूट देणारी, चर्चने विकलेली पत्रं) विकत घेणाऱ्यापेक्षा चांगलं काम करतो. पंचेचाळिसावा त्याहून कडक आहे. गरजू समोर दिसत असताना त्याला ओलांडून जो क्षमापत्रांवर पैसे घालवतो, तो देवाचा कोप विकत घेतो. म्हणजे ज्या कागदाने ही फाटाफूट सुरू झाली, त्यातच रस्त्यावरचा गरजू माणूस उभा आहे. पुढे रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लूथरनेच लिहिलं की विश्वास ही जिवंत, सतत कामात असलेली गोष्ट आहे. आगीपासून उष्णता आणि उजेड वेगळा करता येत नाही तशीच विश्वासापासून कृत्यं वेगळी करता येत नाहीत. हेच वाचन ऐकत असताना २४ मे १७३८ च्या संध्याकाळी मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली याचं मन आगळ्या उबेने भरून आलं, आणि त्यानंतर तो आयुष्यभर तुरुंगांत, खाणकामगारांत फिरत राहिला.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याचं सार माझ्या शब्दांत: आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात, देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा आपली मनं नवी करून आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, बोलावतो. मेथडिस्ट २००६ मध्ये या जाहीरनाम्यात सामील झाले, रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये. मतभेद संपले असं मी म्हणत नाही. पुण्याची पात्रता, शुद्धिस्थान (मृत्यूनंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था), यावर आमचं अजूनही जुळत नाही. पण हे जाहीरनाम्याचं वाक्य मी माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. माझी आई प्रॉटेस्टंट घरातून आलेली. या प्रश्नावरून तिच्या आणि आजोबांच्या मध्ये अकरा वर्षं बोलणं नव्हतं. तो कागद आजोबांना बघायला मिळाला नाही.

---

पहाटवारा

रूथताई, "अर्ध्या वाटेवर थांबलेली प्रार्थना" हे वाचून थांबलो. दीत्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ साली 'स्वस्त कृपा' म्हणून जे म्हटलं ते हेच असावं: पश्चात्तापावाचून क्षमा, शिष्यत्वावाचून कृपा. त्याने ते नुसतं लिहिलं नाही. हिटलरच्या विरोधात उभा राहिला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर गेला.

---

ओंजळ

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

मला सहा वर्षांपासून एक आजार आहे, त्यात बहुतेक दिवस अंथरुणातच जातात. उभं राहून स्वतःसाठी पाणी घेणंही काही दिवस होत नाही. आधी मी ज्या मंडळीत होते तिथे फळांवर फार भर होता. फळ दिसलं पाहिजे, झाड फळावरून ओळखा. वचन खरंच आहे, मत्तयच्या सातव्या अध्यायातलं. पण आजारी पडल्यावर मी रोज स्वतःच्या फांद्या तपासायचे. कोणाला भेटायला जात नाही. काही शिजवून देत नाही. पैसे औषधांत जातात, दानाला उरत नाहीत. मग माझा विश्वास मेलेला आहे का? एक बाई भेटायला आल्या होत्या. त्यांनी चांगल्या हेतूनेच सांगितलं की विश्वास असता तर उठून काहीतरी करावंसं वाटलं असतं. त्या गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तुम्ही सगळे कृत्यांबद्दल बोलता तेव्हा तुमच्याकडे हात-पाय आहेत असं धरून बोलता. मी रागावून लिहीत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे. किती पुरेसं असतं?

---

वाटसरू

ओंजळ, धागा मी काढला, म्हणून आधी माफी मागतो. मी माझ्या टोचणीत एवढा बुडालो होतो की ही टोचणी दुसऱ्या कोणाच्या अंगात काटा होऊन आधीच रुतलेली असेल, हे मनात आलं नाही.

काल रात्रभर तुमच्या प्रश्नावर विचार केला. मला जे सुचलं ते लिहितो. पटलं नाही तर सोडून द्या.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर सगळ्यांनाच आठवतो, लूकच्या तेविसाव्या अध्यायातला. "त्याला सत्कृत्यं करायला वेळच कुठे होता?" असं म्हणून आपण त्याचं उदाहरण देतो आणि पुढे जातो. मी काल तो प्रसंग सावकाश वाचला. हात-पाय खिळलेले, श्वास पुरत नाही, आणि तरी तो काय काय करतो! शेजारचा चोर टोमणे मारतोय, त्याला आवरतो. "आपण आपल्या कर्माचं फळ भोगतोय" म्हणून स्वतःचा गुन्हा कबूल करतो. सगळं गाव थट्टा करत असताना एका निरपराध माणसाच्या बाजूने बोलतो. आणि मग मागतो: माझी आठवण ठेव. तो काहीच करू शकत नव्हता असं आपण समजतो. जेवढा श्वास होता तेवढ्यात त्याने हे सगळं केलं. पण "आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे उत्तर त्याला त्या कामांची मजुरी म्हणून मिळालं नाही. त्याने फक्त आठवण मागितली होती, आणि त्याला सोबत मिळाली.

मार्कमध्ये गरीब विधवेने मंदिरात टाकलेल्या दोन टोल्या (अगदी क्षुल्लक नाणी) आहेत. त्याच शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, सुगंधी तेल ओतणाऱ्या बाईला सगळे रागावतात, तेव्हा येशू म्हणतो की तिला जे करता आलं ते तिने केलं. 'किती' हा शब्दच तिथे नाही. आणि पौल रोमकरांस ४:५ मध्ये तर म्हणतो की जो काम करत नाही, पण अभक्ताला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला जातो. ओंजळ, हे वचन तुमचं आहे. ते माझ्यासारख्या धडधाकट माणसाने स्वतःच्या आळसावर पांघरूण म्हणून ओढू नये, आणि तुमच्यासारख्या माणसाच्या अंगावरून कोणी ओढून घेऊ नये.

मला वाटतं, याकोबाचं पत्र मला लिहिलं आहे आणि रोमकरांस पत्र तुम्हाला. पत्रं उलट्या पत्त्यावर गेली की माणसं जखमी होतात. मला कोणी "कृपा पुरे आहे" म्हणून थोपटलं असतं तर मी आणखी गाढ झोपलो असतो. तुम्हाला त्या बाईंनी याकोब वाचून दाखवला.

---

ओंजळ

वाटसरूदादा, हे दोनदा वाचलं. आत्ता जास्त लिहवत नाही. त्या बाईंसाठी मी अजून प्रार्थना करते, रोज. ते मोजायचं का, असं विचारणार होते. नाही विचारत.

---

निरभ्र

मी ख्रिस्ती नाही, देवही मानत नाही. पण हा धागा पहिल्यापासून वाचतोय. दोन प्रश्न आहेत, उद्धटपणा वाटला तर सांगा.

एक: सत्कृत्य खऱ्या विश्वासातून येतं म्हणता, तर ज्यांच्याकडे हा विश्वास नाही आणि जे आयुष्यभर इतरांसाठी झिजतात, त्यांचं काय? ते कुठून येतं?

दुसरा मला जास्त छळतो. कृत्य हा विश्वासाचा पुरावा असेल, तर ज्या माणसाला तुम्ही जेवायला घालता, तो कोण झाला? तुमच्या पुराव्याचं साधन? तुमच्या आणि देवाच्या व्यवहारात तो भुकेला माणूस मध्ये नुसता वापरला जात नाही का?

---

सायमन_द

निरभ्र, पहिल्याचं माझ्यापुरतं उत्तर देतो. पौल रोमकरांस २:१४-१५ मध्ये म्हणतो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही असे लोकही त्यातलं स्वभावतः करतात आणि ते त्यांच्या अंतःकरणात लिहिलेलं दिसतं. आमच्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोहोचली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला जे कळतं तसं वागण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. ज्यांना देव अजून नीट उमगलेला नाही, पण जे चांगलं जगू पाहतात, त्यांचाही तिथे वेगळा उल्लेख आहे. जे जे चांगलं दिसतं ते देवाकडूनच येतं असं मी मानतो. तुम्ही ते मानत नाही. पण तुमचं चांगुलपण खोटं ठरवल्याशिवाय माझा विश्वास उभा राहत नाही, असं मुळीच नाही.

---

जुनेपुराणे

यात एक भर. रोमन सम्राट युलियान ३६१ ते ३६३ या काळात राज्य करत होता आणि ख्रिस्ती धर्म सोडून त्याला जुने देव पुन्हा बसवायचे होते. गलतिया प्रांतातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो तक्रार करतो की हे 'गालीली' (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही पोसतात, ही आपल्याला लाजिरवाणी गोष्ट आहे. विरोधकाची साक्ष म्हणून मला ती मोलाची वाटते. "आमच्याही" हा शब्द महत्त्वाचा. ज्यांना जेवायला घातलं ते मंडळीत आलेले नव्हते.

---

वाटसरू

निरभ्र, उद्धटपणा अजिबात नाही. तुमचा दुसरा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात कठीण आहे, आणि तो तुम्ही विचारलात म्हणून बरं झालं, कारण आमच्यापैकी कोणाला तो सुचला नाही.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाचं चित्र आहे. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलंत. परका होतो, घरात घेतलंत. आजारी होतो, समाचाराला आलात. बंदिवासात होतो, भेटायला आलात. हे वचन आम्ही इतकं ऐकलंय की त्यातली एक गोष्ट कानाआड होते. उजवीकडचे लोक *चकित* होतात. "प्रभो, आम्ही तुला केव्हा पाहिलं?" त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी त्या माणसाला जेवायला घातलं तेव्हा ते देवाला काही सिद्ध करून दाखवत नव्हते. समोर भुकेला माणूस होता आणि त्यांच्याकडे भाकर होती. पुरावा गोळा करायचा असता तर त्यांनी तारखा सांगितल्या असत्या.

याउलट सातव्या अध्यायात यादी घेऊन येणारे लोक आहेत. "प्रभो, प्रभो, आम्ही तुझ्या नावाने संदेश दिले, भुतं काढली, महत्कृत्यं केली." त्यांना उत्तर मिळतं की माझी तुमची ओळख नाही. रूथताईंच्या उशीवरच्या मोजणीबद्दल वाचलं तेव्हा मला हेच आठवलं होतं.

म्हणून मी माझं वाक्य बदलतो. कृत्य हा विश्वासाचा पुरावा, हे करणाऱ्याने स्वतःशी म्हणायचं वाक्य नाही असं आता मला वाटतं. करणाऱ्याने ते म्हणायला सुरुवात केली की तुम्ही म्हणता तेच होतं, समोरचा माणूस साधन होतो. विश्वासाचं काम मला उलट वाटू लागलंय. माझं तारण माझ्या हातात नाही, ते दुसऱ्याने स्वतःवर घेतलं आहे, हे खरोखर पटलं तर स्वतःकडे बघत राहण्याची गरजच उरत नाही. डोळे मोकळे होतात, आणि मोकळ्या डोळ्यांना समोरचा माणूस माणूस म्हणून दिसतो. त्या दिवशी मित्राचा हात धरला तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. प्रार्थनेसाठी मिटले, ते ठीक. नंतर उघडले नाहीत.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असेलही. याकोब 'मेलेला' म्हणतो. मेलेल्याला उठवणारा देव आहे यावर माझा विश्वास आहे, आणि सध्या मी तेवढंच धरून आहे.

---

रूथ_क

वाटसरू, एक विचारू? तीन वर्षं झाली म्हणालात. त्या मित्राकडे गेलात का मग? लूकमधल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराने येशूपुढे उभं राहून सांगितलं होतं, अर्धं गरिबांना आणि ज्याचं बुडवलं त्याला चौपट. तारण घरात आलं त्याच दिवशी.

---

वाटसरू

रूथताई, प्रश्न योग्य आहे आणि तुम्हीच विचारायला हवा होता. त्याचं उत्तर मात्र मी इथे लिहिणार नाही. काय केलं, काय नाही केलं, दोन्ही लिहिलं की ती पुन्हा माझीच गोष्ट होते. ती त्याची आणि त्याच्या आईची आहे.

जुनेपुराणे, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. गलतीकरांस ५:६ मध्ये 'प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास' असे शब्द आहेत. सायमननी सांगितलेल्या जाहीरनाम्यापासून आमच्या पाळकांच्या प्रवचनापर्यंत जो तो शेवटी याच वचनाशी येतो. मूळ ग्रीकमध्ये नेमकं काय आहे?

---

जुनेपुराणे

'पिस्तिस दि' आगापेस एनेर्गूमेने'. पिस्तिस म्हणजे विश्वास, आगापे म्हणजे प्रीती. शेवटचा शब्द बघा: एन-*एर्ग*-ऊमेने. कृत्याला ग्रीकमध्ये 'एर्गॉन' म्हणतात, ज्यावरून सगळा वाद झाला तोच शब्द. तो इथे विश्वासाच्या क्रियापदाच्या पोटात बसलेला आहे.

आणि हे सांगताना मला आत्ता याकोब २:२२ पुन्हा उघडावंसं वाटलं. अब्राहामाच्या कृत्यांबरोबर विश्वास काम करत होता, असं तिथे आहे. क्रियापद 'सिन्-*एर्ग*-एइ', त्याच धातूचं. पौलाच्या वाक्यात कर्ता विश्वास आहे. याकोबाच्या वाक्यातही कर्ता विश्वासच आहे. इतकी वर्षं ही दोन वचनं मी वेगवेगळ्या वह्यांत लिहीत आलो, शेजारी शेजारी आज ठेवली.